सातपुड्यातल्या तळ्यांची गाडीने सहल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खान्देशात डोंगरातली तळी आहेत तरी कुठे?

उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याची रांग आणि मधून पश्चिमेकडे वाहणारी तापी, अशी खान्देशची ठेवण आहे. उंच पठारावरचं तळं म्हणाल तर पहिलं नाव तोरणमाळच्या यशवंत तलावाचं. नंदुरबार जिल्ह्याच्या अक्राणी म्हणजेच धडगाव तालुक्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे ११५० मीटरवर तो आहे आणि जवळच लहानसा कमळ तलाव आहे.

बाकीची तळी म्हणजे सातपुड्याच्या कुशीत नद्या अडवून झालेले जलाशय: रावेर तालुक्यात पालजवळ सुकी नदीवरचं गारबर्डी धरण, यावल तालुक्यातलं मोर, शिरपूर तालुक्यातलं अनेर, शिरपूरजवळच अरुणावतीवरचं करवंद, शहादा तालुक्यातलं दरा. या नद्या आखूड आणि तीव्र उताराच्या. डोंगर सोडून सपाटीला लागायच्या आत, जिथे दोन्ही बाजूंना टेकड्या मिळतात, तिथेच धरणं बांधली गेली. म्हणून भिंतीवरून मागे पाहिलं की डोंगर थेट पाण्यात उतरलेले दिसतात.

एका तळ्यावरून दुसऱ्या तळ्यावर डोंगरातूनच जाता येतं का?

नाही, आणि सहलीची आखणी चुकते ती इथेच. सगळ्या तळ्यांना जोडणारा डोंगरावरचा रस्ता नाही. जोडणारा रस्ता पायथ्याशी आहे: बऱ्हाणपूर-अंकलेश्वर मार्ग. रावेर, सावदा, फैजपूर, यावल, चोपडा, शिरपूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा ही गावं त्याच ओळीत येतात. प्रत्येक तळ्यासाठी या रस्त्यावरून उत्तरेला आत शिरायचं, पाणी पाहायचं आणि बहुतेक वेळा त्याच वाटेने परत यायचं. आखताना प्रत्येक फाट्याचं अंतर दुप्पट धरा. नकाशावर दोन तळी शेजारी दिसली तरी मध्ये दोन-तीन तास जाऊ शकतात.

मोबाइलचा नकाशा जंगलातून जवळचा रस्ता दाखवतो. तो घ्यावा का?

घेऊ नका. ती रेघ अनेकदा बैलगाडीची वाट असते, वनखात्याचा कच्चा रस्ता असतो किंवा ओढ्यातून जाणारी पायवाट. काही वाटा मध्य प्रदेशात निघतात, काही पावसाळ्यात तुटतात. नकाशा ‘जलद मार्ग’ म्हणाला तरी आधी पायथ्याच्या रस्त्यावर या आणि तिथून मोठ्या गावाचा फाटा धरा. फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर एक प्रश्न नक्की विचारा: ‘एसटी जाते का तिकडे?’ एसटी जात असेल तर तुमची कारही जाईल.

किती दिवस लागतील? मुक्काम कुठे टाकायचे?

जळगावहून निघून तोरणमाळपर्यंत नीट पाहायचं तर तीन रात्री हाताशी ठेवा.

पहिला दिवस: जळगाव, भुसावळ, सावदा (सुमारे ५० किमी). सावद्याहून खिरोदामार्गे पाल, म्हणजे आणखी २५ ते ३० किमी. पालला दुपारच्या आत पोचलात तर सुकी धरणावर ऊन उतरेपर्यंत वेळ मिळतो. मुक्काम पालला करा किंवा अंधाराच्या आत खाली फैजपूरला या.

दुसरा दिवस: फैजपूर, यावल, चोपडा, शिरपूर. पायथ्याचं सलग अंतर सुमारे ११० किमी. त्यात वाटेवरचं एकच ठिकाण घ्या. पावसाळ्यात मनुदेवीचा धबधबा घ्यावा. यावल तालुक्यात आडगावकडून आत गेलं की मंदिरासमोरच कड्यावरून पाणी पडतं. पाऊस उलटून गेला असेल तर अनेर घ्या. मुक्काम शिरपूरला, तिथे हॉटेलं बरी आहेत आणि संध्याकाळी करवंद धरण जवळ पडतं.

तिसरा दिवस: शिरपूर ते शहादा सुमारे ६० किमी, शहाद्याहून म्हसावद, राणीपूरमार्गे तोरणमाळ आणखी सुमारे ५५ किमी. सकाळी सातला निघालात तर जेवायला वर पोचता. मुक्काम तोरणमाळलाच करा. एका दिवसात वर जाऊन खाली येणारे यशवंत तलाव दुपारच्या उन्हात पाहतात, आणि त्याचं खरं रूप पहाटेचं आहे.

चौथ्या दिवशी सकाळी सीताखाई ही खोल दरी पाहून खाली उतरा. धुळ्याकडे परतायचं असेल तर शहादा, सारंगखेडा, दोंडाईचा हा रस्ता; शहादा ते धुळे ९०-९५ किमी.

दोनच दिवस असतील तर पाल किंवा तोरणमाळ, एकच निवडा. जळगावकरांना पाल सोयीचं, धुळे-नंदुरबारकरांना तोरणमाळ.

घाटात आणि पायथ्याला ताशी किती वेग धरायचा?

आखणीपुरतं पायथ्याच्या रस्त्याला ताशी ३५-४० किमी आणि घाटाला २० किमी धरा. पायथ्याच्या रस्त्याचे काही पट्टे गुळगुळीत, काही खड्ड्यांचे. त्यात रावेर-सावदा-फैजपूर भागात केळीचे ट्रक आणि शहादा-शिरपूर भागात कापूस व उसाची वाहनं असतात.

कोणता महिना चांगला?

तुम्हाला काय पाहायचं आहे त्यावर ठरतं. धबधबे आणि हिरवे डोंगर हवे असतील तर जुलैचा उत्तरार्ध ते सप्टेंबर. मात्र घाटात दरड, धुकं आणि ओढ्यांचे पूर हे धोके याच काळात. भरलेलं, निवळ पाणी आणि मोकळे रस्ते हवे असतील तर ऑक्टोबर ते डिसेंबर. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी हाच काळ धरावा. दसरा ते दिवाळी दरम्यान तोरणमाळच्या वाटेवर सीताफळं मिळतात.

फेब्रुवारीनंतर धरणांचं चित्र पालटतं. पाटबंधाऱ्याचं वर्ष १ जुलै ते ३० जून असं मोजतात आणि रब्बीची आवर्तनं, म्हणजे कालव्याला पाणी सोडण्याच्या पाळ्या, ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारी अखेरपर्यंत चालतात. शेताला पाणी सुटत गेलं की जलाशयाची कड मागे सरते आणि मधे चिखलाचा रुंद पट्टा उघडा पडतो. एप्रिल-मे महिन्यात खान्देशच्या सपाटीला पारा ४५ अंशांपर्यंत जातो. तोरणमाळ शहाद्यापेक्षा साधारण हजार मीटर उंच आहे. दर हजार मीटरला तापमान सुमारे साडेसहा अंशांनी उतरतं, त्यामुळे मे महिन्यातही तिथली रात्र सुसह्य असते. उन्हाळ्यात जायचंच असेल तर फक्त तोरणमाळ ठरवा आणि पायथ्याचा प्रवास सकाळी दहाच्या आत उरका.

धरणात पाणी आहे की नाही, हे निघण्याआधी कसं कळेल?

राज्याच्या जलसंपदा विभागाच्या संकेतस्थळावर धरणांचा साठा रोज दिला जातो. त्यात ‘उपयुक्त साठा’ हा रकाना पाहा. ७० टक्क्यांच्या वर असेल तर काठ भरलेले दिसतात. ३० च्या खाली असेल तर तो थांबा वगळा. बहुतेक लहान धरणांच्या सांडव्याला दरवाजे नसतात, जास्तीचं पाणी त्यावरून आपोआप जातं. धरण शंभर टक्के भरून वर पाऊस सुरू असेल तेव्हाच सांडवा वाहतो. हे दृश्य ऑगस्ट-सप्टेंबरमधल्या मोजक्या दिवसांचं. सांडवा पाहायचा तो वरच्या बाजूने, सुरक्षित अंतरावरून. खालच्या खडकांवर उतरू नका; शेवाळामुळे तिथे पाय ठरत नाही.

तोरणमाळला साधी हॅचबॅक चढेल का?

चढेल. रस्ता डांबरी आहे आणि एसटीही वर जाते. सातपायरी घाटात वळणं एकावर एक येतात, चढ तीव्र आहे. चार माणसं, सामान आणि सुरू एसी एवढं ओझं घेऊन हजार-बाराशे सीसीची गाडी दुसऱ्या गिअरमध्ये दमते. तीव्र वळणाआधीच पहिला गिअर टाका. वळणात गिअर बदलायला गेलात तर गाडी मागे सरकते. तापमानाचा काटा वर जाऊ लागला की एसी बंद करा, रुंद जागा पाहून थांबा आणि इंजिन दोन-तीन मिनिटं चालूच ठेवा, म्हणजे पंखा ते थंड करतो. इंजिन तापलेलं असताना रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका. आतलं पाणी दाबाखाली उकळत असतं, चेहरा भाजतो.

चढणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यायची, हा नियम आहे आणि त्याला कारणही आहे: चढावर थांबलेली भरली गाडी पुन्हा उचलणं अवघड जातं. उतरताना समोरून जीप किंवा एसटी दिसली तर रुंद जागी थांबून तिला येऊ द्या. आंधळ्या वळणावर हॉर्न वाजवा आणि खिडकी थोडी उघडी ठेवा, म्हणजे समोरचा हॉर्न ऐकू येईल.

उतरताना ब्रेकचा जळका वास येतो. काय चुकतं?

गाडी उतारावर गिअरऐवजी ब्रेकच्या भरवशावर सोडली जाते. हिशेब असा आहे: दीड टनाची गाडी हजार मीटर वर न्यायला सुमारे चार युनिट (किलोवॅट-तास) ऊर्जा लागते. उतरताना तेवढीच ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. गिअर खालचा असेल तर इंजिन ती बऱ्यापैकी अडवून धरतं. न्यूट्रल असेल किंवा वरचा गिअर असेल तर सगळी ऊर्जा ब्रेकच्या डिस्कमध्ये उष्णता होऊन साठते. पॅड तापले की त्यांची पकड सुटते, ब्रेक ऑइल उकळलं तर पेडल थेट तळाला जातं.

जो गिअर चढायला लागला, त्याच गिअरमध्ये उतरा. ऑटोमॅटिक गाडीत ‘डी’ सोडून ‘एल’, ‘२’ किंवा मॅन्युअल मोड घ्या. ब्रेक सतत दाबून धरू नका. वेग वाढला की ठाम दाबा, वेग उतरला की सोडून द्या. वास आलाच तर सपाट जागी थांबून अर्धा तास गाडी उभी राहू द्या. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका, ती वाकते किंवा तडकते. हँडब्रेकही लावू नका. गाडी गिअरमध्ये ठेवून चाकामागे दगड लावा. निघताना तो दगड रस्त्याच्या कडेला उचलून ठेवा, तिथेच सोडलात तर मागच्या दुचाकीस्वाराचा जीव जाऊ शकतो.

इलेक्ट्रिक किंवा सीएनजी गाडी नेता येईल का?

इलेक्ट्रिक नेता येईल, पण वर चार्जिंग मिळेल असं गृहीत धरू नका. हजार मीटरच्या चढाला नेहमीच्या वापराशिवाय पाच-एक युनिट जास्त धरा. उतरताना त्यातला काही भाग बॅटरीत परत येतो, मात्र बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर रिजनरेशन काम करत नाही. शहाद्याहून निघताना वर-खाली ११० किमी, वरचं फिरणं आणि किमान ३० टक्के शिल्लक, असा हिशेब बसत असेल तरच घाट चढा.

सीएनजीवर ओढ कमी पडते, म्हणून घाट पेट्रोलवर चढा आणि पेट्रोलची टाकी निम्मी तरी भरलेली ठेवा.

पेट्रोल, पैसे, मोबाइलचं नेटवर्क?

पेट्रोल शहाद्यात भरा, पालच्या बाजूला सावदा-फैजपूरला. रोख पैसे खाली मोठ्या गावातच काढा. डोंगरात नेटवर्क गेलं की मोबाइलवरून पैसे देणं थांबतं. नकाशा आधीच उतरवून ठेवा आणि घरच्यांना ‘अमुक वाजेपर्यंत खाली उतरू’ अशी वेळ सांगून जा. अडचणीत ११२, रुग्णवाहिकेला १०८, वन्यप्राणी किंवा वणवा दिसला तर वनविभागाचा १९२६.

रस्त्यावर फरशी पूल लागले आणि पाणी वाहत असेल तर?

थांबा. सातपुड्यातून उतरणाऱ्या ओढ्यांचा पूर फसवा असतो. तुमच्या डोक्यावर ऊन असतं आणि वर डोंगरात तासाभरापूर्वी कोसळलेला पाऊस आत्ता खाली पोचतो. पाणी अचानक गढूळ झालं, काड्या-पालापाचोळा वाहून येऊ लागला, आवाज वाढला, की वर पाऊस झाला आहे असं समजा आणि ओढ्यातून लगेच बाहेर या.

फूटभर वाहतं पाणी लहान गाडी तरंगवू लागतं; दोन फूट पाणी बहुतेक गाड्या वाहून नेतं. फरशी पाण्याखाली असेल तर तिची कड दिसत नाही आणि मधली फरशी खचली आहे का तेही कळत नाही. गावकरी ट्रॅक्टर घालतात म्हणून तुम्ही कार घालू नका: ट्रॅक्टरचं चाक उंच, वजन जास्त आणि चालवणाऱ्याला तो ओढा वर्षानुवर्षं माहीत. डोंगरातला पाऊस थांबला तर या आखूड ओढ्यांचं पाणी बहुधा दोन-चार तासांत ओसरतं. तेवढं थांबणं परवडतं.

पाण्यात गाडी बंद पडलीच तर पुन्हा स्टार्टर मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी शिरलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन उघडावं लागतं. माणसं आधी बाहेर काढा, गाडी नंतर ढकला.

पाण्याच्या अगदी काठाशी गाडी नेली आणि रुतली. आता काय?

खान्देशात गाड्या रुतण्याचं सगळ्यांत मोठं कारण काळी माती. ही माती पाणी पिऊन फुगते आणि साबणासारखी निसरडी होते. वरून वाळून भेगा पडलेली दिसली तरी वीतभर खाली ओलीच असते, आणि धरणाच्या ओसरलेल्या काठावर तर वरून गाळाचा थर बसलेला असतो. टाच जोरात दाबून पाहा. बूट अर्धा इंच जरी आत गेला तरी गाडी पुढे नेऊ नका. मुरमाड, तांबूस जमिनीवर किंवा रस्त्याच्या डांबरी कडेलाच गाडी उभी करा आणि शेवटची दोनशे पावलं चालत जा.

रुतलीच तर:

१. अ‍ॅक्सिलरेटर लगेच सोडा. चाक जितकं फिरेल तितकं खोल जाईल.
२. सगळे खाली उतरा, जड सामान काढा.
३. चाकाभोवतीचा चिखल हाताने किंवा फावड्याने मोकळा करा आणि चाक सरळ ठेवा.
४. ओढणाऱ्या चाकांसमोर चपटे दगड, पऱ्हाट्या, तुराट्या किंवा पायपुसणी घट्ट दाबून बसवा. छोट्या गाड्यांत बहुधा पुढची चाकं ओढतात.
५. दुसऱ्या गिअरमध्ये क्लच अगदी हळू सोडा. पहिल्या गिअरमध्ये चाक जागीच गरगरतं. आलात त्याच वाटेने मागे निघणं जास्त वेळा जमतं.
६. दोन प्रयत्नांत निघाली नाही तर थांबा आणि जवळच्या शेतातून ट्रॅक्टर बोलवा. दोर बंपरला बांधू नका, गाडीसोबत मिळालेला हूक लावून त्यालाच बांधा. दोर ताणलेला असताना त्याच्या रेषेत कोणी उभं राहू नये.

शेतकऱ्याने काम सोडून ट्रॅक्टर आणलेला असतो. डिझेल आणि वेळेचे पैसे न मागता द्या, आणि कुणाच्या उभ्या पिकातून गाडी काढू नका.

गाडीत काय असलंच पाहिजे?

हवा भरलेली स्टेपनी, चालणारा जॅक आणि नट खोलायचा पाना. हे तिन्ही निघण्याआधी एकदा घरी वापरून पाहा. कारखान्यात मशिनने आवळलेला नट हाताने सुटत नाही, हे डोंगरात कळून उपयोग नाही. शिवाय हवा भरायचा छोटा पंप, टो-दोर, उजेडाची बॅटरी (टॉर्च), पाच लिटर साधं पाणी, एक लिटर कूलंट, जुनं गोणपाट. हवेचा दाब ड्रायव्हरच्या दाराजवळच्या पट्टीवर लिहिलेला असतो. तो टायर थंड असताना, सकाळीच तपासा. पावसाळ्यात वायपरचे रबर बदला. टायरची नक्षी १.६ मिमीपर्यंत झिजली की कायद्यानेच टायर बाद होतो, पण ओल्या घाटासाठी तीन मिमीच्या खाली गेलेला टायर नेऊ नये.

परवानग्या लागतात का?

पाल परिसर यावल अभयारण्यात येतो (घोषणा १९६९), अनेरचा जलाशय अनेर धरण अभयारण्यात (१९८६). नाक्यावर गाडीचा क्रमांक नोंदवा, प्रवेश शुल्क असेल तर पावती घ्या, आणि सांगितलेल्या वेळेआधी बाहेर पडा. अभयारण्यात चूल, शेकोटी, मोठ्याने गाणी आणि दारू यांना मनाई आहे. उन्हाळ्यात एका ठिणगीने डोंगर पेटतो. धरणाची भिंत ही पाटबंधारे खात्याची जागा; ‘प्रवेश बंद’ लिहिलं असेल तर भिंतीवर गाडी किंवा माणूस जाऊ नये. ड्रोन परवानगीशिवाय उडवू नका. गळ टाकायचा असेल तरी विचारावं लागतं, कारण धरणांतली मासेमारी ठेक्याने मच्छीमार संस्थांना दिलेली असते आणि ते त्यांचं पोट आहे.

तळ्यात पोहावं का? मुलं फार हट्ट करतात.

धरणात पोहू नका, पट्टीचे पोहणारे असलात तरी. काठ उतरता वाटतो आणि जुन्या नदीपात्राच्या कडेशी अचानक दोन पुरुष खोल होतो. तळाच्या गाळात पाय अडकतो, बुडालेल्या झाडांच्या फांद्या असतात, आणि कालव्याचा दरवाजा उघडला असेल तर विमोचकाजवळ (पाणी कालव्यात सोडायच्या तोंडाजवळ) पाणी आत ओढतं. वर वाचवायला कुणी नसतं. बोटीची सोय असेल तर लाइफ जॅकेट घालूनच बसा. मुलाच्या मापाचं नसेल तर मुलाला बसवू नका. त्यांना पाण्यात खेळायचंच असेल तर शहादा तालुक्यातलं उनपदेव किंवा चोपडा तालुक्यात अडावदजवळचं उनपदेव ही गरम पाण्याची ठिकाणं वाटेत घ्या. दोन्हींचं नाव एकच आहे, पत्ता विचारताना तालुका सांगा.

रात्री प्रवास केला तर दिवस वाचेल ना?

या रस्त्यांवर नको. साखर हंगामात, म्हणजे साधारण नोव्हेंबर ते मार्च, उसाच्या बैलगाड्या आणि दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर रात्रभर चालतात. मागे दिवा नसतो, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला असतो, आणि समोरून दिवे आले की ती ट्रॉली दिसतच नाही. डोंगरात रस्त्यावर गुरं बसलेली असतात, बिबट्या-अस्वलांचा वावर असतो. डिसेंबरात सहाच्या सुमारास मावळतं, म्हणून घाट चारपर्यंत उतरायला घ्या.

राहण्या-खाण्याची सोय कशी आहे?

तोरणमाळला पर्यटक निवास आणि वनखात्याचं विश्रामगृह, पालला वनखात्याचं विश्रामगृह. खोल्या मोजक्या, शनिवार-रविवारी आरक्षणाशिवाय जाऊ नका. जेवण वर बहुधा सांगून करावं लागतं. पोचल्या पोचल्या रात्रीचं सांगितलंत तर ताजी भाकरी मिळते, आठ वाजता विचारलंत तर काही नाही.

खाली मात्र चंगळ आहे. यावल-फैजपूरकडे हिवाळ्यात हिरव्या वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी मागा. जळगावच्या भरीत वांग्याला आणि केळीला भौगोलिक मानांकन आहे. शेवभाजी सगळीकडे मिळते. घाट चढायच्या आधी मात्र तिची तर्री जपून, गाडी लागणाऱ्यांना तेल-तिखट बाधतं. अक्राणीकडच्या आठवडी बाजारात घरी वाळवलेलं आमचूर मिळतं. भाव करत बसू नका. कैरी उतरवून, सोलून, दगडांवर वाळवण्यात एका कुटुंबाचा अख्खा उन्हाळा जातो.

मुलांना आणि वयस्करांना घाट लागतो. काय करावं?

रिकाम्या पोटी नको आणि भरल्या पोटीही नको. दोन तास आधी पोळी-केळं एवढंच. गाडी लागणाऱ्याला पुढे बसवा, मोबाइल बंद, नजर दूर. डॉक्टरांनी सांगितलेली गोळी निघण्याआधी अर्धा-एक तास द्यावी. मळमळ सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही. चालवणाऱ्याने वळणात झटके देऊ नयेत, निम्मा त्रास तिथेच थांबतो.

पुढे धडगावकडे, नर्मदेच्या बाजूला जावं का?

ओळखीचा स्थानिक माणूस सोबत असेल तर जरूर. धडगाव तालुक्यात बिलगावचा धबधबा आहे आणि त्यापलीकडे नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणाचा फुगवटा, म्हणजे मागे साचलेलं पाणी, डोंगरांच्या घळींत शिरलेला आहे. मात्र तळोद्याहून धडगावला जाणारा चांदसैली घाट पावसाळ्यात दरडींसाठी कुप्रसिद्ध आहे. सलग पाऊस झाला असेल तर दोन-तीन दिवस त्या वाटेला जाऊ नका. कातळाच्या भेगांत मुरलेलं पाणी दगड सैल करतं आणि दरड अनेकदा पाऊस थांबल्यावर पडते.

या पाण्याखाली गावं, शेतं आणि शूलपाणेश्वराचं जुनं मंदिर गेलं आहे. काठावरच्या पाड्यांना आजही दवाखान्यासाठी बोटीची वाट पाहावी लागते. इथे जाताना हे ठाऊक असावं. पाड्यावर जाऊन लोकांचे, घरांचे फोटो न विचारता काढू नका. भिल, पावरा, तडवी लोकांची ही राहती घरं आहेत.

कोणत्या दिवसांत रस्ते गर्दीने अडतात?

महाशिवरात्रीला तोरणमाळला गोरखनाथांची यात्रा असते. तेव्हा तलाव निवांत पाहणं शक्य नाही. यात्रेलाच जायचं असेल तर एसटीने जा. दिवाळीत अस्तंबा डोंगरावरच्या यात्रेमुळे तळोदा-धडगाव रस्त्यावर माणसांनी भरलेल्या जीपगाड्या असतात. दत्तजयंतीच्या सुमारास सारंगखेड्याचा घोडेबाजार भरतो आणि शहादा-दोंडाईचा रस्ता तापीच्या पुलाजवळ तुंबतो. होळीआधीच्या भोंगऱ्या बाजारांच्या दिवशी सातपुड्यातली बाजारगावं टाळा किंवा गाडी बाहेर लावून चालत बाजार पाहा.

हतनूर डोंगरात नाही, तरी यादीत का सांगतात?

पक्ष्यांसाठी. तापीवरचं हे ४१ दरवाजांचं धरण भुसावळ तालुक्यात आहे, आणि डिसेंबर ते फेब्रुवारी त्याच्या उथळ फुगवट्यावर स्थलांतरित बदकं उतरतात. पालकडे जाताना पहाटेचे दोन तास इथे द्यावेत. वरच्या अंगाला तापी-पूर्णेच्या संगमावर संत चांगदेवांचं मंदिर आहे. दुर्बीण न्या, भडक कपडे टाळा, काठावर गाडी नेऊ नका. मातीचं वर सांगितलंच आहे.

सातपुड्याऐवजी दक्षिणेकडची वाट आहे का?

चाळीसगावची आहे. पाटणादेवीचं खोरं गौताळा-औट्रमघाट अभयारण्यात येतं, आणि भास्कराचार्यांच्या नातवाने म्हणजे चांगदेवाने काढलेल्या मठाचा शिलालेख (इ. स. १२०७) पाटणचाच. पाटणादेवी आणि मन्याड धरण एका दिवसात बसतात; पितळखोरे लेणी घ्यायची असतील तर दुसरा दिवस द्या. गिरणा धरण नांदगाव तालुक्यात, नाशिक जिल्ह्यात असलं तरी चाळीसगावहून जवळ पडतं. त्याचा जलाशय विस्तीर्ण आहे, पण तो उघड्या माळावरचा. डोंगराच्या कुशीतलं पाणी पाहायचं असेल तर निराशा होईल.

दुचाकीवर जमेल का?

ऑक्टोबर ते फेब्रुवारीत उत्तम जमतं. चेन, ब्रेक शू आणि मागचा टायर पाहून निघा, पंक्चरचं सामान सोबत ठेवा. ट्यूबच्या टायरला डोंगरात पंक्चरवाला शोधत दहा-पंधरा किमी ढकलायची वेळ येऊ शकते, म्हणून एक जादा ट्यूब घ्या. डिसेंबर-जानेवारीत पहाटे तोरणमाळला बोटं बधिर होतात आणि ब्रेक उशिरा लागतो, हातमोजे घाला. घाटात वळणाच्या आतल्या कडेला बारीक खडी साचलेली असते. तिथे पुढचा ब्रेक दाबला की गाडी पडते, वेग वळणाआधीच कमी करा.